निरोपाची गाणी : मराठी परंपरेतील पाठवणी आणि परतीचे वचन

सारांश : मराठीत 'निरोप' या एकाच शब्दाने रजा घेणे आणि संदेश पाठविणे या दोन्ही क्रिया दर्शविल्या जातात. प्रस्तुत लेखात पाठवणीच्या ओव्या, महानुभाव धवळे, संगीत नाटक, उत्सवांतील विसर्जन, संतांचे निर्याणविषयक अभंग आणि स्थलांतराचे शाहिरी काव्य यांच्या आधारे असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की, ही गाणी केवळ वियोगाचे दुःख व्यक्त करीत नाहीत. ती वियोगानंतरच्या नात्याच्या अटी ठरवितात. या अटींची किंमत कोण मोजते, या प्रश्नाचाही विचार येथे केला आहे.

बीजशब्द : निरोप, पाठवणी, माहेर, मुराळी, ओवी, विसर्जन, निर्याण.

प्रस्तावना

नाशिक शहरातील द्वारका हा चौक म्हणजे दोन मोठ्या वाटांचा सांधा आहे. मुंबई-आग्रा महामार्ग येथून जातो आणि सिन्नरमार्गे पुण्याकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. शिक्षणासाठी पुण्यास निघालेला विद्यार्थी, रजा संपवून परतणारा जवान, दिवाळसण आटोपून धुळ्याकडे सासरी निघालेली लेक आणि त्यांना पोहोचवायला आलेली माणसे हे अशा चौकातील नित्याचे दृश्य होय. येथे कोणी गाणे म्हणत नाही. तरीही गाडी सुटताना जे दोन-तीन शब्द उच्चारले जातात, त्यांत शतकानुशतकांच्या गाण्यांचा अर्क उतरलेला असतो. निघणारा माणूस 'जातो' असे म्हणत नाही. तो 'येतो' म्हणतो. पोहोचवणाराही 'ये' म्हणूनच त्याला वाट मोकळी करून देतो.

'जाणे' या क्रियापदाबद्दलचा हा संकोच मराठी व्यवहारात सर्वत्र आढळतो. बांगडी फुटत नाही, ती 'वाढते'. देवापुढील दिवा विझवीत नाहीत, त्याला 'निरोप देतात'. या सर्व प्रयोगांमागे अशुभ टाळण्याची भावना आहे हे उघड आहे. परंतु तेवढ्याने त्यांचे स्पष्टीकरण पूर्ण होत नाही. 'निरोप' या शब्दाचे दोन अर्थ येथे लक्षात घ्यावे लागतात. निरोप म्हणजे रजा आणि निरोप म्हणजे सांगावा. एकाच शब्दात या दोन अर्थांचे एकत्र येणे सूचक आहे. निरोप दिलेल्या माणसाकडून पुढे निरोप यावा, ही अपेक्षा भाषेनेच गृहीत धरलेली आहे. निरोपाच्या गाण्यांचा अर्थ याच अपेक्षेच्या अनुषंगाने लावता येतो.

ओवीतील पाठवणी

विवाहविधीतील पाठवणी हा निरोपगीतांचा सर्वांत समृद्ध प्रसंग होय. मुलीची ओटी भरली जाते, ती उंबरठा ओलांडते आणि घरातील बायका गाऊ लागतात. परंतु पाठवणीचे खरे गाणे त्या दिवशी संपत नाही. ते पुढे अनेक वर्षे पहाटेच्या अंधारात, सासरच्या जात्यावर चालू राहते. दळणाच्या या ओव्यांचे हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी केलेले संकलन हे मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासातील मोलाचे कार्य आहे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माहेर, आई, भाऊ आणि वाट हे त्या ओव्यांतील प्रमुख विषयांपैकी आहेत.

या ओव्यांत दुःख आहे. परंतु त्याहून अधिक तपशील आहे. न्यायला कोण येणार, कोणत्या सणाला येणार, वाटेत कोणते गाव लागते, भाऊ आला तर त्याला काय वाढायचे, भावजय कशी वागेल, या सर्वांचा हिशेब गाणारी स्त्री मांडीत असते. सासरवाशिणीला माहेरी नेण्यासाठी येणाऱ्याला 'मुराळी' हा स्वतंत्र शब्द आहे आणि त्याच्या येण्याला 'मूळ येणे' म्हणतात. नागपंचमी, दिवाळी आणि खानदेशात अक्षय्य तृतीया, म्हणजेच आखाजी, हे या येण्याचे ठरलेले मुहूर्त होत. नाशिक जिल्ह्यातील बागलाण, कळवण, मालेगाव या अहिराणी भाषक भागात आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणतात, तेव्हा त्या वस्तुतः पाठवणीच्या वेळी दिलेल्या वचनाची पूर्तता साजरी करीत असतात. निरोप, वाट पाहणे, मूळ येणे, माहेरपण आणि पुन्हा निरोप असे हे वर्तुळ आहे. पाठवणीचे गाणे हा त्या वर्तुळाचा केवळ एक बिंदू आहे.

बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांनी या वर्तुळाचे मर्म एका प्रश्नोत्तरातून उकलले आहे. माहेराची एवढी ओढ असताना सासरी का नांदावे, असे विचारणाऱ्या योग्याला त्यांच्या कवितेतील स्त्री जे उत्तर देते त्याचा आशय असा की, आईने सासरी पाय रोवले तरच तिच्या लेकीला माहेर मिळते. म्हणजेच माहेर ही जन्माने मिळणारी वास्तू नसून एका पिढीच्या स्त्रीने दुसऱ्या पिढीसाठी राखलेली जागा आहे. हा विचार कोणत्याही समाजशास्त्रीय विवेचनाच्या तोडीचा आहे.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाते थांबले. स्त्रीच्या कष्टाचा एक मोठा भाग त्यामुळे कमी झाला, ही इष्टच गोष्ट होय. मात्र गाण्याची जागा आणि वेळही त्याबरोबर गेली, याची नोंद करणे आवश्यक आहे.

रुक्मिणीचा निरोप

मराठीतील आद्य कवयित्री म्हणून मान्यता पावलेली महानुभाव पंथीय महदाइसा हिने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'धवळे' रचले. ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहलीलेच्या निमित्ताने गायिलेल्या या रचनेचा विषय रुक्मिणीचे श्रीकृष्णाशी झालेले लग्न हा आहे. धवळे म्हणजे वराला उद्देशून गायची मंगलगीते. मराठी स्त्रीच्या उपलब्ध काव्याचा आरंभ अशा प्रकारे विवाहगीताने होतो.

या कथेचे एक वैशिष्ट्य पाठवणीच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी तिला शिशुपालास देऊ इच्छितो. ती ब्राह्मणाकरवी श्रीकृष्णाकडे संदेश धाडते आणि तो तिला रथात घालून द्वारकेस नेतो. रुक्मिणीने निरोप पाठविला. निरोप घेतला मात्र नाही. तिची ओटी कोणी भरली नाही. जो भाऊ पुढे मुराळी म्हणून यायचा, तोच शस्त्र घेऊन पाठलागावर आला. पंढरपूरच्या स्थलकथेनुसार हीच रुक्मिणी पुढे रुसून द्वारका सोडते, तेव्हा ती दिंडीरवनात येते आणि तिला शोधीत देव तेथे येतो. पाठवणीविना सासरी गेलेली स्त्री रुसल्यावर माहेरी जात नाही, एवढे या कथेतून निश्चित दिसते.

लोकपरंपरेने ही उणीव आपल्या पद्धतीने भरून काढली आहे. अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते आणि तेथून दरवर्षी आषाढीला तिची पालखी पंढरपूरला जाते. तिकडे या पालखीकडे माहेरची पालखी म्हणून पाहिले जाते. भावाने न पाळलेले मूळ गावाने पाळले, असे या प्रथेचे वर्णन करता येईल.

कण्वाची पाठवणी आणि मराठी रंगभूमी

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल' नाटकाचा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. त्या रात्री पहिले चार अंक सादर झाले. कालिदासाच्या मूळ नाटकाचा चौथा अंक म्हणजे शकुंतलेची पाठवणी. म्हणजेच ज्या प्रयोगापासून मराठी संगीत रंगभूमीचे युग मोजले जाते, त्याची अखेर एका निरोपाने झाली.

या अंकातील एक संवाद ओवीच्या पार्श्वभूमीवर वाचण्यासारखा आहे. तपोवनाचे दर्शन पुन्हा केव्हा होईल, असे शकुंतला विचारते. कण्वाचे उत्तर असे आहे की, पुत्राचा संसार मार्गी लावून, राज्याचा भार त्याच्यावर सोपवून, वार्धक्यात पतीसह ती या आश्रमात येईल. ओवीतील लेकीला पुढच्या पंचमीचे वचन मिळते; शकुंतलेला उतारवयाचे मिळते. पाचव्या अंकात राजा तिला ओळखत नाही आणि सोबत आलेला शार्ङ्गरव तिला परत नेण्यास नकार देतो. पतीच्या घरी दास्य पत्करावे लागले तरी तेथेच राहावे, अशी त्याची भूमिका आहे. चौथ्या अंकातील अश्रू आणि पाचव्या अंकातील नकार हे एकाच व्यवस्थेचे दोन भाग आहेत. पाठवणीच्या गाण्याचा विचार करताना प्रेक्षक आणि अभ्यासक बहुधा चौथ्या अंकावर थांबतात.

या नाटकाच्या अनुषंगाने आणखी एक बदल नोंदविता येतो. ओवीत बोलणारी स्वतः लेक किंवा तिची आई असते. नाटकात भावनेचे केंद्र पित्याकडे सरकते. वनवासी ऋषीही गहिवरतो, तेथे संसारी माणसाचे काय, हा त्या प्रसंगाचा भाव आहे. विसाव्या शतकात ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणी यांनी पाठवणीचे गीत घरोघरी नेले. पी. सावळाराम यांचे शब्द, वसंत प्रभू यांचे संगीत आणि लता मंगेशकर यांचा स्वर लाभलेले, सासरी निघालेल्या मुलीच्या डोळ्यांतील पाण्यास दोन नद्यांची उपमा देणारे गीत आजही अनेक लग्नांत वाजते. ते उत्कृष्ट गीत आहे याबद्दल दुमत नाही. परंतु ध्वनिक्षेपकावरील गीत सर्व मुलींसाठी एकच असते. त्यात त्या मुलीच्या भावाचे नाव, तिच्या गावाची वाट आणि येण्याचा सण नसतो. गाणाऱ्या बायका ऐकणाऱ्या झाल्या, तेव्हा अश्रू राहिले आणि तपशील गेला.

देवांची पाठवणी

निरोपाचे हेच सूत्र उत्सवांतही दिसते. भाद्रपदात येणारी गौरी ही माहेरवाशीण होय. पहिल्या दिवशी आगमन, दुसऱ्या दिवशी पूजन व भोजन, तिसऱ्या दिवशी पाठवणी असा तिचा क्रम आहे. गणपतीच्या उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती किंचित हलविली जाते, हातावर दही दिले जाते, अनेक घरांत वाटेसाठी शिदोरी बांधली जाते आणि पुढील वर्षी लवकर येण्याचे आमंत्रण घोषातूनच दिले जाते. विसर्जनाच्या संस्कृत मंत्रातही पुन्हा येण्याचीच विनंती असते.

खानदेशातील कानबाईचा उत्सव या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तिला नदीवर पोहोचविले जाते. खानदेशातून येऊन नाशिकच्या सिडको, सातपूर इत्यादी भागांत स्थिरावलेल्या कुटुंबांनी हा उत्सव येथेही आणला. तापी-गिरणेच्या काठची गाणी गोदावरीच्या काठी म्हटली जाऊ लागली. गाव सोडून आलेली माणसे देवीला निरोप देताना स्वतःच्या सुटलेल्या गावाशी नाते जोडून घेतात, असे येथे म्हणता येईल.

देवाच्या निरोपात एक सोय आहे. तो पुढील वर्षी निश्चितपणे येतो. माणसाच्या बाबतीत जे वचन अनिश्चित असते, ते उत्सवात दरवर्षी पूर्ण होताना दिसते. निरोप कसा द्यावा आणि तो सोसावा कसा, याचे शिक्षण लहान मुलास बहुधा गणेशविसर्जनाच्या दिवशी पहिल्यांदा मिळते.

न परतणाऱ्यांचा निरोप

जेथे परत येणे शक्यच नाही, तेथे हे सूत्र कसोटीला लागते. परंपरेनुसार ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदी येथे संजीवन समाधी घेतली. नामदेवांच्या नावावरील समाधीच्या अभंगांत त्या प्रसंगाचे विस्तृत वर्णन आहे. त्यातील सर्वांत हृदयस्पर्शी व्यक्तिरेखा निवृत्तिनाथांची आहे. ते ज्येष्ठ बंधू आहेत आणि गुरूही आहेत. शिष्याला निरोप देणे गुरूला साधते. परंतु आईबापांवेगळ्या भावंडांना सांभाळणाऱ्या भावाला ते साधत नाही. अभंगकर्त्याने हा कोलमडलेला भाऊ लपविला नाही, ही त्या रचनेची थोरवी होय. पुढे सोपानदेव व मुक्ताबाई यांनाही निरोप देऊन निवृत्तिनाथांनी १२९७ साली त्र्यंबकेश्वर येथे देह ठेवला. नाशिक जिल्ह्याच्या दृष्टीने पाहता, तीनही धाकट्या भावंडांना पोहोचवून मागे राहिलेल्या माणसाची समाधी येथे आहे. दरवर्षी ज्येष्ठात त्यांची पालखी त्र्यंबकेश्वराहून नाशिक, सिन्नर, अहिल्यानगरमार्गे पंढरपूरला जाते.

तुकारामांच्या निर्याणाच्या अभंगांत दिशाच उलटलेली दिसते. वारकरी संतांनी पंढरीस माहेर म्हटले होतेच. तुकारामांनी ते रूपक अखेरच्या प्रवासापर्यंत नेले. संतांच्या हाती माहेराहून निरोप आला आहे आणि आता तेथे जायचे आहे, अशा आशयाची त्यांची रचना आहे. निरोपाचा संदेश हा अर्थ येथे रजेच्या अर्थाशी एकरूप होतो. संसार हे सासर, मृत्यू हा मुराळी आणि वैकुंठ हे माहेर. जात्यावरच्या स्त्रीने घडविलेला नकाशाच संतांनी मृत्यूसाठी वापरला. पाठवणीच्या गाण्यांवर संतांचा प्रभाव आहे, असे नेहमी म्हटले जाते. त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे.

पंचवटीत रामकुंडावर अस्थिविसर्जन व दशक्रिया विधी होतात. पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा जमलेले नातलग मृताच्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छा आठवून एकेक वचन देऊ लागतात. मुलीचे लग्न करू, धाकट्याला शिकवू, घर मोडू देणार नाही. विधीविषयी कोणाचे काहीही मत असो, निरोप म्हणजे अटी ठरविणे, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

पोटासाठी झालेले वियोग

औद्योगिकीकरणाने निरोपाचा नवा प्रकार निर्माण केला. कोकणातून, घाटावरून आणि नाशिक परिसरातून कसारा घाट उतरून माणसे मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. येथे वाट पाहणारी स्त्री माहेराची नव्हे, तर नवऱ्याची वाट पाहते. अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड या अनुभवाचे सर्वश्रुत काव्य होय. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत रचलेल्या या छक्कडीत पत्नीला गावी ठेवून मुंबईस आलेल्या श्रमिकाचा विरह आहे आणि अखेरीस तोच विरह मराठी भूभागाच्या ताटातुटीशी जोडला आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले; बेळगाव, कारवार हे भाग मात्र बाहेर राहिले. त्यामुळे सीमाभागात ही रचना आजही न संपलेल्या निरोपासारखी ऐकली जाते.

तुलनेसाठी एका परदेशी गीताचा उल्लेख उचित ठरेल. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स याने १७८८ मध्ये सिद्ध केलेले 'ऑल्ड लँग साइन' हे गीत जगभर निरोपप्रसंगी गायिले जाते. खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या दीक्षान्त संचलनात छात्र 'अंतिम पग' ओलांडतात तेही याच धूनीवर. त्या गीताचा भर जुन्या स्नेहाच्या स्मरणावर आहे. मराठी निरोपगीताचा भर स्मरणापेक्षा पुनर्भेटीवर आहे. 'आठवण ठेव' यापेक्षा 'केव्हा येशील' हा त्याचा मुख्य प्रश्न आहे.

वचनाची किंमत

येथवरच्या विवेचनावरून ही व्यवस्था केवळ सुंदर आहे असा समज होऊ नये. मुलीला माहेर राहते. पण ते कोणत्या अटीवर? महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या हिंदू वारसा (सुधारणा) अधिनियमाने मुलीला वडिलोपार्जित संपत्तीत मुलाप्रमाणे जन्मसिद्ध हक्क मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो अधिक स्पष्ट केला. तरीही वडिलांच्या मृत्यूनंतर बहिणींनी भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून देण्याची रीत अनेक घरांत चालू आहे. त्यामागील न बोललेली अट सर्वांना ठाऊक असते. जमिनीत वाटा मागितला तर दिवाळीची भाऊबीज, माहेरची साडी आणि मुराळी, सारेच थांबेल. ओवीत भावाचे एवढे गुणगान का आहे, याचे एक उत्तर प्रेम हे आहे; दुसरे उत्तर हे आहे की, दार उघडणे त्याच्या हाती होते.

म्हणून पाठवणीच्या गाण्यांकडे केवळ हळव्या स्मरणरंजनाने पाहणे अपुरे ठरते. त्या गाण्यांतील स्त्री भोळी नव्हती. ज्या व्यवस्थेत तिला कायद्याने काहीच मिळत नव्हते, त्या व्यवस्थेत तिने गाण्यातून भावाला वचनाशी बांधून ठेवले. चारचौघींच्या समक्ष म्हटलेले गाणे हाच तिचा दस्तऐवज होता. आज खरा दस्तऐवज उपलब्ध आहे. तो वापरणाऱ्या बहिणीचे माहेर तुटू नये, हा आजच्या काळापुढील प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर न्यायालय देऊ शकत नाही. ते घरातच द्यावे लागेल.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, मराठी निरोपगीत हे वियोगाचे वर्णन करण्यापेक्षा वियोगानंतरच्या नात्याची मांडणी करते. दोन, माहेर-सासर हा स्त्रियांनी घडविलेला नकाशा भक्ती, मृत्यू आणि स्थलांतर या इतर वियोगांनाही पुरला. तीन, या गाण्यांचे सामूहिक गायन मागे पडल्याने भावना उरली, पण वचनांचा तपशील क्षीण झाला.

महाविद्यालयांतून दरवर्षी निरोप समारंभ होतात. पदवी घेऊन जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि सेवानिवृत्त होणाऱ्या प्राध्यापकांना शाल, श्रीफळ व भाषणे दिली जातात. त्यांत आठवणींना कमतरता नसते. पुढे काय, याला मात्र क्वचितच जागा असते. निवृत्त प्राध्यापकासाठी ग्रंथालय खुले राहील काय, गेलेल्या विद्यार्थ्याला अडचणीत कोणाकडे येता येईल, या प्रश्नांची उत्तरे निरोपाच्याच दिवशी ठरविणे हे परंपरेशी सुसंगत होईल.

आता द्वारकेहून निघालेली गाडी सिन्नरला पोहोचण्यापूर्वीच भ्रमणध्वनीवर संदेश येतो. निरोप देणे आणि निरोप येणे यांतील अंतर जवळजवळ उरलेले नाही. परंतु संदेश आला म्हणजे माणूस आला असे नव्हे, हे जात्यावरच्या स्त्रीला पक्के ठाऊक होते. म्हणून ती खुशालीवर समाधान मानीत नसे. ती सण विचारी आणि न्यायला कोण येणार ते विचारी.